बावीस वर्षांचा खंड

अर्जाच्या तिसऱ्या पानावर एक चौकट होती: ‘शिक्षणात खंड असल्यास कालावधी व कारण’. पायवालीनं ती दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली आणि पेन टेबलावर आपटलं.

“बावीस वर्षांचा खंड! म्हणजे बावीस वर्षं मी काय, माशा मारत बसले होते?”

लेक शेजारी बसून अर्ज भरून घेत होती. ती स्वतः गेल्याच वर्षी मुलाखत देऊन कॉलेजात गेली होती, त्यामुळे या विषयात घरात तिचाच शब्द चालायचा. “आई, ते सगळ्यांनाच विचारतात. बारावी झाली तेव्हापासून आजपर्यंतचा काळ, तो खंड. लिही, कौटुंबिक कारण.”

“कसलं कौटुंबिक कारण? तुझ्या बापानं काय अडवलं होतं मला?”

बाप पलीकडे पंख्याची मोटर उघडून बसला होता. तो वायरमन. घरात आवाज चढला की मोटरीत डोकं घालायचं, हे त्याला लग्नानंतर लवकरच उमगलं होतं. “मला यात ओढू नका,” एवढंच तो म्हणाला.

तिला पायवाली म्हणायचे, कारण ती पाय बनवायची. मोठ्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धुलाईघराच्या पलीकडे, कृत्रिम अवयवांचा कारखाना होता: लांबट खोली, एका भिंतीला भट्टी, दुसऱ्या भिंतीला प्लास्टरच्या पायांची रांग. बारावी झाल्यावर ती तिथं लागली ती फरशीवरचं वाळलेलं प्लास्टर खरवडायला. तेव्हा तिथं एक म्हातारे मिस्त्री होते, तोंडानं फटकळ. दोन महिने त्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग एक दिवस म्हणाले, “ती कानस दे इकडे. आणि तू जरा हात लाव या साच्याला. कुठं खडबडीत लागतंय?” तिनं बोट ठेवलं तिथं मिस्त्र्यांना स्वतःला काही लागत नव्हतं. त्यांनी दिव्याखाली धरून पाहिलं. होतं.

त्या दिवसापासून खरवडणी गेली आणि शिकवणी सुरू झाली. गुडघ्याच्या वाटीखालचा भाग वजन सोसतो, नडगीचं टोक सोसत नाही. हाडाच्या प्रत्येक उंचवट्यावर आधी बोट, मग जांभळी पेन्सिल, मग प्लास्टरची ओली पट्टी, म्हणजे खूण साच्यात उतरते. पाय घालून दहा पावलं चालवायचं, काढायचं, कातडी बघायची. लाली थोड्या वेळात गेली तर ठीक, नाही गेली तर चूक आपली, माणसाची नाही. मिस्त्री निवृत्त झाले तोवर येणारे लोक त्यांना सोडून ‘ती पायवाली कुठाय?’ असंच विचारू लागले होते. वहीतल्या नोंदी मोजल्या तर तिच्या हातून साडेतीन हजारांच्या वर माणसं आपल्या पायांनी घरी गेली होती.

सहा वर्षांपूर्वी पदवीवाले सर आले. कृत्रिम अवयवांची पदवी घेऊन कॉलेजातून नुकते बाहेर पडलेले, सभ्य, बोलायला मऊ. पहिल्याच साच्यात त्यांनी ओली पट्टी इतकी आवळली की समोरच्या बाईनं त्यांचाच दंड धरला. पायवालीनं त्यांना पट्टी कशी सैल सोडायची ते शिकवलं, पेन्सिल कुठं टेकवायची ते शिकवलं. ते तिला ताई म्हणायचे. दोन वर्षांनी वरून नियम आला: यापुढे मोजमाप फक्त पदवीधारकांनी घ्यायचं, कागदावर सही त्यांचीच. बाकीचे सगळे ‘सहायक’. नियम आला तशी पायवालीच्या टेबलावरची पाटी बदलली. काम बदललं नाही. मोजायची ती, सही करायचे सर.

यंदा त्याच पदवीच्या कॉलेजानं नोकरीतल्या लोकांसाठी दोन जागा राखून ठेवल्या. वयाची अट पंचेचाळीस. ती चाळीस. बारावीचे गुण बरे होते. उरली मुलाखत, आणि शिफारसपत्र.

शिफारसपत्र सरांनी दोन दिवसांत दिलं, हसतमुखानं. तिनं ते धुलाईघराच्या पायरीवर बसून वाचलं. ‘सदर कर्मचारी गेली सहा वर्षे माझ्या मार्गदर्शनाखाली मदतनीस म्हणून कार्यरत असून, साहित्य तयार ठेवणे, साच्यांची स्वच्छता इत्यादी कामे तत्परतेने करतात.’

साच्यांची स्वच्छता! ती उठून आत जाणार, तेवढ्यात दारात एक आजोबा कुबड्यांवर उभे दिसले, आणि तिनं पत्र घडी घालून खिशात कोंबलं. त्या दिवशी तिनं गिळलं. पण जे गिळलं ते पचलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात इस्पितळानं उमेदवारांसाठी मार्गदर्शनाचा वर्ग ठेवला. सभागृहात बाराजण होते. शिकवायला एक गुळगुळीत चेहऱ्याचे गृहस्थ आले. मुलाखतीत कसं बसायचं, कसं हसायचं, याचे ते जाणकार. त्यांनी एकेकाला समोर खुर्चीत बसवलं. पायवाली बसली तशी ते म्हणाले, “हात टेबलावर नको. मांडीवर, खाली.”

“का?”

“नखं बघा तुमची.”

नखांच्या कडेला प्लास्टर होतं. ते असायचंच. साबणानं जात नाही, सुट्टीत पंधरा दिवस राहिलं तर जातं. तिनं हात मांडीवर घेतले. मग ते सगळ्यांना म्हणाले, “प्रत्येकानं एक हृदयस्पर्शी प्रसंग तयार ठेवा. ताई, तुमच्याकडे तर खजिना असेल. एखादं लहान मूल निवडा. अपघात, आईचं रडणं, मग पहिलं पाऊल. शेवटी आवाज थोडा कापला तर उत्तम. सवय करा घरी.”

“कसली सवय?”

“आवाज कापण्याची.”

पायवाली उभी राहिली. “ती पोरं माझ्याकडे पाय मागायला येतात. माझ्या प्रवेशासाठी लंगडायला येत नाहीत.”

“अहो, तुम्ही मनाला लावून घेताय. ही फक्त मांडणी असते.”

“मग तुमचीच मांडा,” असं म्हणून तिनं पिशवी उचलली. मागून कुणीतरी हसलं. ते तिला हसलं की त्या गृहस्थांना, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

घरी लेकीनं कपाळाला हात लावला. “आई, तू मुलाखतीला चाललीस की भांडायला?”

“विचारणाऱ्यावर आहे ते.”

मग घरातच तालीम सुरू झाली. संध्याकाळी जेवणाचं टेबल आवरलं की बाप अध्यक्ष व्हायचा, लेक सदस्य. बापाला एकच प्रश्न सुचायचा आणि तो रोज तोच विचारायचा, “तर बाई, तुम्हाला हेच का शिकायचंय?” पहिल्या दिवशी ती म्हणाली, “कारण मला येतं ते मला येतं असं लिहून मिळत नाही.” लेक म्हणाली, कडवट वाटतं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “मला समाजाची सेवा करायची आहे.” बाप म्हणाला, “ही कोण बाई बोलतेय आमच्या घरात?” तिघंही हसले आणि तालीम तिथंच मोडली.

पण रात्रीच्या जेवणाआधी रोज तासभर ती लेकीची जुनी जीवशास्त्राची पुस्तकं काढून बसायची. हाडांची नावं तिला ठाऊक नव्हती; हाडं ठाऊक होती. ती आपल्याच पायावर बोट ठेवायची, पुस्तकात चित्र शोधायची आणि नाव वाचून म्हणायची, “अच्छा, म्हणजे हे तू होय.” लेकीला वाटायचं, आई कुणा जुन्या ओळखीच्या माणसाला आडनाव विचारतेय.

मुलाखतीच्या दिवशी ती इस्त्रीचे कपडे घालून कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर गेली. आत तिघं होते. मध्ये अध्यक्षबाई, पांढरे केस आखूड कापलेले. डावीकडे कार्यालयातले एक अधिकारी, समोर फायलींचा ढीग. आणि उजवीकडे, विषयतज्ज्ञ म्हणून बोलावलेले, पदवीवाले सर.

त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. सकाळी कारखान्यात “शुभेच्छा, ताई” म्हणाले होते, तेवढंच.

अधिकाऱ्यांनी सुरुवात केली. “बावीस वर्षांचा खंड दिसतोय. एवढ्या मोठ्या खंडानंतर अभ्यास झेपेल? पाठांतर वगैरे? या वयात?”

“खंड माझ्या शाळेत पडलाय, साहेब. कामात एक दिवसाचा नाही. आणि पाठांतराचं म्हणाल तर आमच्या इस्पितळातून पाय घेऊन गेलेली माणसं मला चालीवरून ओळखू येतात. तोंड बघायची गरज लागत नाही.”

“पण इथं तर तुम्ही मदतनीस आहात असं लिहिलंय. साच्यांची स्वच्छता.”

तिनं सरांकडे पाहिलं. “ते ज्यांनी लिहिलंय ते इथंच बसलेत. त्यांनाच विचारा, मी काय करते.”

सरांनी समोरचे कागद सारखे केले, मग पुन्हा सारखे केले. “त्या… अनुभवी आहेत,” ते म्हणाले.

एवढंच. सहा वर्षांतून तीन शब्द निघाले. तिला वाटलं, टेबलावरचा पाण्याचा पेला उचलून भिंतीवर फोडावा. तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले, नखांसकट, आणि पेल्याला हात लावला नाही.

तेव्हा अध्यक्षबाई पहिल्यांदा बोलल्या. “समजा एक माणूस आला आणि म्हणाला, नवा पाय लांब वाटतोय. तुम्ही काय कराल?”

“आधी त्याचे बूट बघते.”

“बूट?”

“नवे घेतलेले असतात, टाच उंच असते. बूट जुनेच असतील तर त्याला खाली बसवून पाय काढायला लावते. उरलेल्या पायावर सूज आहे का, त्यावर मोजे किती घातलेत. माणूस नव्या पायाच्या खोबणीत पूर्ण उतरला नसेल तर पाय लांबच वाटणार. तेही ठीक असेल तर उभं करून कमरेच्या दोन्ही हाडांवर हात ठेवते, समान आहेत का. हे सगळं झाल्यावर मग पायाला हात. लोक आधीच पाय कापायला घेतात. कापलेला परत जोडता येत नाही.”

अध्यक्षबाईंनी काहीतरी लिहिलं. अधिकारी घड्याळाकडे बघत होते.

आठ दिवसांनी यादी लागली. दोन जागा, दोन नावं. तिचं तिसरं, ‘प्रतीक्षा’ या शब्दापुढं. निवडलेल्या दोघांतला एक इस्पितळाच्या भांडारात होता. त्यानं उभ्या जन्मात साचा घेतला नव्हता, पण आवाज छान कापला असणार.

लेक रडली. पायवाली रडली नाही. तिनं गुणपत्रक मागणारा अर्ज लिहिला, तो खिडकीवरच्या कारकुनानं “असं देत नाहीत” म्हणून परत केला, तिनं “देत नाहीत असं लिहून द्या” म्हटलं, आणि तीन खेपांनंतर कागद मिळाला. ज्ञान: दहापैकी दहा, दहा, सात. व्यक्तिमत्त्व: तीन, आठ, पाच. आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द, ‘उग्र’.

ज्ञानाचे सात कुणी दिले ते अक्षरावरून कळत होतं. ते अक्षर ती रोज आपल्या मोजमापांखाली बघायची.

तिनं कागद नेऊन सरांच्या टेबलावर ठेवला. “तीन गुण कशाचे कापलेत तेवढं सांगा. मी सुधारीन.”

सर उठले, दार लोटून आले. “ताई, मी काय लिहायला हवं होतं?”

“खरं.”

“खरं लिहिलं असतं, की मोजमाप तुम्ही घेता, तर पहिला प्रश्न आला असता, मग चार वर्षं सह्या कुणाच्या? नियमाबाहेर काम केलं म्हणून माझी नोकरी गेली असती. घरी लहान बाळ आहे माझ्या.”

तिला ते पटलं. आणि पटलं म्हणून ती जास्तच पेटली. “म्हणजे तुमची नोकरी शाबूत राहावी म्हणून मी सहा वर्षं साचे पुसत होते, असं म्हणा की. ठीक. उद्यापासून पुसते. मोजायचं तुम्ही.”

आणि तिनं तसं केलं. माणूस आला की पट्टी, पाणी, पेन्सिल मांडून ठेवायची आणि बाजूला हात बांधून उभी राहायची. “मदतनीस आहे मी. साहित्य तयार आहे.” सरांचे हात वाईट नव्हते, पण सवय मोडलेले होते. बाहेरच्या बाकांवर रांग वाढली. लोक विचारायचे, “तुम्ही नाही का घेत?” ती म्हणायची, “नियम आहे.” दहा दिवस हा कडकपणा तिला गोड लागला.

अकराव्या दिवशी एक टपालवाला परत आला. आठवड्यापूर्वी नवा पाय घेऊन गेलेला. त्यानं मोजा उतरवला. नडगीच्या टोकावर कातडी सोलवटून ओली झाली होती.

“चालायचं तर होतंच,” तो ओशाळून म्हणाला. “वाटलं, बसेल हळूहळू.”

साचा घेतला तेव्हा ती तीन हातांवर उभी होती. सरांची पेन्सिल बोटभर वर टेकलेली तिनं पाहिली होती. पाहून गप्प राहिली होती. मिस्त्री असते तर त्यांनी तिच्या तोंडावर कानस फेकून मारली असती, आणि बरोबर केलं असतं. तिचा राग पहिल्यांदाच तिच्यावरच उलटला आणि तिला बसवेना.

ती सरांच्या खोलीत गेली. “हा पाय मी करते. पुढचेही सगळे करते. पण वहीत मोजमापाच्या रकान्यात माझं नाव तुम्ही लिहायचं, तुमच्या हातानं. सही खाली तुमची. जमत नसेल तर त्या माणसासमोर येऊन तसं सांगा.”

सर बाहेर आले. टपालवाल्याचा पाय त्यांनी बराच वेळ पाहिला. मग वही ओढली आणि लिहिलं.

चार महिन्यांनी तपासणीत ती नोंद सापडली आणि वरून खुलासा मागवला गेला. सरांनी काय उत्तर पाठवलं ते त्यांनी तिला दाखवलं: ‘मोजमाप माझ्यापेक्षा त्या चांगले घेतात. मीही त्यांच्याकडूनच शिकलो.’ त्यांची एक वेतनवाढ रोखली गेली. तिनं त्यांना माफ केलं असं नाही, पण त्यानंतर ते ताई म्हणाले की ती पूर्वीसारखं वळून बघायला लागली.

पुढच्या वर्षी तिनं पुन्हा अर्ज केला. त्या चौकटीत लेकीला विचारायच्या आधीच लिहिलं, ‘खंड नाही. सोबत वहीच्या प्रती.’ तालीम एकच दिवस झाली, कारण बाप म्हणाला, “मी तुला पास केलं, आता मला पंखा बसवू दे.” अध्यक्षबाई त्याच होत्या. आत गेल्यावर त्या म्हणाल्या, “गेल्या वर्षी उग्र म्हणून शेरा होता तुमचा.”

“अजून तशीच आहे,” पायवाली म्हणाली.

“बसा,” त्या म्हणाल्या, आणि अर्धा तास फक्त पायांबद्दल बोलल्या.

प्रवेश मिळाला. एक्केचाळीसाव्या वर्षी पायवाली पहिल्या बाकावर जाऊन बसली, कारण मागून फळा दिसत नव्हता. वर्गातली मुलं तिच्या लेकीच्या वयाची. काही तास तिला कंटाळवाणे गेले, काही अवघड.

तिसऱ्या आठवड्यात एका तासाला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, की पाय गेलेल्या माणसाला नसलेल्या पायाची बोटं दुखतात, मुरगळतात. हे पायवालीला ठाऊक होतं. शेकडो लोकांनी तिला हे सांगितलं होतं, निम्म्यांनी लाजत, आपण वेडे झालो की काय असं वाटून. ती त्यांना पाठीवर हात ठेवून म्हणायची, “होतं असं. जाईल.” तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. मग बाईंनी एक आरसा आणला. दोन पायांच्या मध्ये उभा धरला, असा की चांगल्या पायाचं प्रतिबिंब नसलेल्या पायाच्या जागी दिसावं. “माणसानं रोज थोडा वेळ आरशात बघत चांगला पाय हलवायचा,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांचं दुखणं कमी होतं.”

मुलं वहीत लिहून घेत होती. पायवालीचं पेन थांबलं होतं.

“हे कधीपासून माहीत आहे?” तिनं विचारलं.

“पुष्कळ वर्षं झाली. वीस-पंचवीस तरी.”

“आणि आरसा कसला लागतो? खास?”

“नाही हो. साधा. घरात असतो तसा.”

पायवाली उठून उभी राहिली. एक गवंडी होता, रात्रभर उशी चावायचा. एक आजी होती, जी नसलेल्या अंगठ्याला तेल लावायला सांगायची सुनेला. या सगळ्यांना तिनं ‘जाईल’ म्हणून घरी पाठवलं होतं, आणि जिन्याच्या या टोकाला, कॉलेजच्या दारामागं, कुणाला तरी आरशाचं ठाऊक होतं.

“मग आम्हाला खाली का नाही सांगितलं कुणी?” तिचा आवाज चढला. “इस्पितळ समोर आहे तुमच्या! एक चिठ्ठी पाठवता आली नाही?”

बाईंनी आरसा टेबलावर ठेवला.

तास संपल्यावर पायवाली कारखान्यात गेली. हात धुवायच्या नळावर एक लांबट आरसा टांगलेला होता. तिनं स्टूल ओढलं, वर चढली आणि खिळा उपटायला सरांना हाक मारली.